विचारण्याची वही: कोपरखैरण्यातील एका अभ्यासिकेचा वर्षभराचा अनुभव

कोपरखैरण्यात, रेल्वे स्थानकापासून पायी बारा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर, माथाडी कामगारांच्या वस्तीला लागून असलेल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांची एक अभ्यासिका आहे. खाली पिठाची गिरणी आणि झेरॉक्सचे दुकान आहे. वर एका खोलीत अठ्ठावीस जणांची बसण्याची सोय, तर दुसरीत चार खुर्च्या, एक जुना संगणक, एक प्रिंटर आणि दोरीने टेबलाला बांधून ठेवलेली एक जाडजूड वही आहे. पाटीवर ‘अभ्यासिका’ एवढेच लिहिलेले असले, तरी या जागेचे खरे काम दुसऱ्या खोलीत चालते. ज्यांच्या घरातून आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, अशा मुलामुलींना पदवीच्या पहिल्या वर्षात सोबत करणे हे ते काम. माझी भाची गेले पूर्ण शैक्षणिक वर्ष येथे जात होती, आणि शनिवारी सुट्टी असल्यामुळे मीही बरेचदा तिच्याबरोबर जाऊन बसत होते. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. जागा थोड्या आहेत, चालवणारी मंडळी नोकऱ्या सांभाळून हे करतात आणि नाव कुठे येऊ नये अशी त्यांचीच इच्छा आहे. शिवाय पुढे काही उणिवाही स्पष्ट लिहायच्या आहेत.

माझ्याकडे पदवी आहे, पण मी कॉलेज पाहिलेले नाही. नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून, सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जाऊन मी बी.ए. केले. त्यामुळे भाचीने बारावीनंतर ‘मावशी, मायनर कोणता घेऊ?’, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय कोणता निवडू, असे विचारले, तेव्हा मी तिच्या आईइतकीच गोंधळले होते. ताईचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. दाजी मूळचे सातारा जिल्ह्यातले असून तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहेत. 1969 च्या माथाडी कायद्यामुळे त्यांना मजुरीची, भविष्यनिर्वाह निधीची आणि दवाखान्याची हमी मिळाली, आणि त्या हमीच्या बळावरच मुलीला शिकवण्याची हिंमत घरात आली. मात्र कॉलेजचे माहितीपत्रक वाचून त्याचा अर्थ लावण्याची सवय कोणत्याही कायद्याने घरात येत नाही. शाळेत असेपर्यंत बाई वर्गात येऊन सूचना वाचून दाखवतात, वहीत लिहून घ्यायला लावतात, पालकांची सही मागतात. कॉलेजात सूचना फलकावर लागते, आणि ती वाचायची असते हेही कोणी सांगत नाही, कारण ते सर्वांना ठाऊकच असते असे गृहीत धरलेले असते.

पहिला फटका आम्हाला प्रवेशाच्या आधीच बसला. भाचीला बी.एम.एस., म्हणजे व्यवस्थापनाची पदवी, करायचे होते. 2024 पासून बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) सुरू झाली, हे आमच्या घरात बारावीचा निकाल लागल्यावर कळले, म्हणजे परीक्षा होऊन गेल्यावर. मग काही कॉलेजांनी तशाच विषयांचा अभ्यासक्रम ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ अशा नावाने, सीईटीशिवाय ठेवला आहे असे समजले. ‘विषय तेच, मग एका ठिकाणी परीक्षा आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं कसं?’ हा ताईचा प्रश्न अगदी रास्त होता, पण त्याचे उत्तर देणारे आमच्या ओळखीत कोणी नव्हते. शेजारच्या मुलाने या अभ्यासिकेचा पत्ता दिला. तेथे संयोजिका बाईंनी अर्धा तास देऊन फरक समजावला, दोन कॉलेजांची शुल्कपत्रके शेजारी ठेवून दाखवली आणि निर्णय आमच्यावर सोडला. भाचीने वाशीच्या एका कॉलेजात प्रवेश घेतला.

येथेच पहिली तक्रार नोंदवते. हे केंद्र बारावीच्या निकालानंतर नोंदणी सुरू करते. ज्या माहितीची गरज बारावीच्या जानेवारीत असते, ती जूनमध्ये मिळून फारसा उपयोग होत नाही. मनुष्यबळ नाही, हे त्यांचे म्हणणे खरे असेलही. परंतु वस्तीतल्या दोन-तीन कनिष्ठ महाविद्यालयांत हिवाळ्यात एकेक तास जाऊन सीईटीच्या तारखांचा कागद वाटला, तरी आमच्यासारख्या कित्येकांचा निर्णय वेगळा होऊ शकला असता.

आता त्या दोरीने बांधलेल्या वहीविषयी, कारण माझ्या मते या जागेची सगळी किंमत त्या वहीत आहे. तिला तिथे ‘विचारण्याची वही’ म्हणतात. मुलांनी कोणताही प्रश्न नाव न घालता त्यात लिहायचा, आणि शनिवारी येणाऱ्या स्वयंसेवकांपैकी ज्याला उत्तर ठाऊक असेल त्याने ते लाल शाईने, तारीख आणि सही घालून लिहायचे, असा नियम आहे. मी ती वही दोन शनिवार बसून वाचली. ‘लेक्चर ऑफ आहे म्हणजे घरी जायचे का?’, ‘बोनाफाईड आणि एल.सी. एकच का?’, ‘जर्नल दुकानात लिहिलेले मिळते की आपण लिहायचे?’, ‘केटी लागली तर वर्ष जाते का?’, ‘मॅडमना स्टाफरूममध्ये जाऊन भेटले तर रागावतात का?’ असे प्रश्न पानोपानी आहेत. एका पानावर फक्त ‘कॅन्टीनमध्ये काही न घेता बसले तर चालते का’ एवढेच लिहिले आहे, आणि खाली लाल शाईत ‘चालते. मीही बसत असे.’ असे उत्तर आहे. ज्या घरात आई-वडील, काका, आत्या यांपैकी कोणीतरी कॉलेजात गेलेले असते, तेथे ही उत्तरे जेवताना, गप्पा मारताना आपोआप मिळालेली असतात, म्हणून ती ‘माहिती’ आहे असेही कोणाला वाटत नाही. ज्या घरात ती नसतात, तेथले मूल प्रश्न विचारण्यापेक्षा गप्प राहणे पसंत करते, आणि त्या गप्प राहण्यातच हॉल तिकीट, परीक्षेचा अर्ज, अंतर्गत गुणांची सबमिशन असे एकेक निसटत जाते. भाचीनेही पहिले तीन आठवडे वहीत काहीच लिहिले नाही, फक्त वाचली. तेवढ्यानेही बरेच काम झाले असावे.

वहीत एक दोषही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची नवी रचना संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून आली, आणि त्याआधीची कितीतरी उत्तरे जुन्या पद्धतीप्रमाणे तशीच राहिली आहेत. तारीख असल्यामुळे जाणत्याला फरक कळतो, पण नव्याने आलेले मूल तारीख पाहत नाही. मी हे निदर्शनास आणल्यावर काही पानांवर तिरपी रेघ मारली गेली, सगळ्यांवर नाही.

नवी रचना समजावून देण्याचे काम मात्र येथे फार चांगले होते. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हॅल्यू एज्युकेशन, भारतीय ज्ञानप्रणाली अशा डझनभर नावांच्या चौकटी कॉलेजने दिल्या होत्या. संयोजिका बाईंनी आधी नावे बाजूला ठेवायला सांगितली आणि श्रेयांकापासून, म्हणजे क्रेडिटपासून, सुरुवात केली. वर्गातल्या शिकवण्याचे साधारण पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, वर्षाला 40 ते 44 श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132, आणि मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावाने श्रेयांक बँकेत जमा राहतात. त्या दिवशी दाजी बरोबर आले होते. बराच वेळ ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘म्हणजे गोण्या मोजायच्या. थप्पी पुरी झाली की वर्ष पुरं.’ बाईंनी ती उपमा तिथेच उचलली, आणि एखादा विषय राहिला म्हणजे थप्पीतली एक गोणी कमी पडली, सगळी थप्पी ढासळली असे नाही, अशा शब्दांत केटीही समजावली. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो, त्यामुळे तो ‘सोपा कोणता’ यापेक्षा ‘कोणाला शिकवताना ऐकायला आवडेल’ यावर निवडावा, हा त्यांचा सल्ला मला विशेष आवडला. भाचीने मानसशास्त्राची ओळख करून देणारा विषय घेतला.

शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ या वेळात पाच-सहा स्वयंसेवक असतात. त्यांपैकी बहुतेक स्वतः अशाच घरांतून शिकून नोकरीला लागलेले आहेत. एकाकडे दहा-बारांपेक्षा जास्त मुले देत नाहीत. याविषयी विचारल्यावर संयोजिका बाईंनी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचे उदाहरण दिले. तेथे 2007 मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांसाठी ‘असाप’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. शुल्कातली तूट भरून देणे, पाठ्यपुस्तके, प्रवासाचा पास आणि सतत भेटणारा सल्लागार हे सगळे त्यात एकत्र दिले जाते. इतर विद्यार्थ्यांच्या बाबतीत एका सल्लागाराकडे 600 ते 1,500 जण असत, या कार्यक्रमात ती संख्या 60 ते 80 एवढीच ठेवली. स्वतंत्र मूल्यमापनात तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण तुलनेच्या गटात सुमारे 22 टक्के, तर कार्यक्रमातल्या गटात सुमारे 40 टक्के निघाले. ही आकडेवारी मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाची आहे आणि दोन खोल्यांच्या अभ्यासिकेला ती जशीच्या तशी लागू होत नाही, हे बाईंनी स्वतःच सांगितले. पण त्यातला प्रवासाच्या पासाचा मुद्दा त्यांनी उचलला आहे. रेल्वेच्या विद्यार्थी सवलतीचा फॉर्म कॉलेजच्या कोणत्या खिडकीवर आणि किती वाजता मिळतो, हे पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला विचारले जाते, आणि ज्याने पास काढलेला नाही त्याच्याबरोबर कोणीतरी जाते.

दाजींना हे ऐकून आण्णांची आठवण झाली. साताऱ्याकडच्या माणसाला कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले, आणि साताऱ्यातले कॉलेज मात्र 1947 मध्ये निघाले. आधी मुलाची राहण्याजेवण्याची सोय आणि मग कॉलेज, हा क्रम मला फार बोलका वाटतो. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना आजही अनेक कॉलेजांत आहे. ती आपल्या कॉलेजात आहे का, असल्यास अर्ज कोणाकडे करायचा, हेही या केंद्रात आवर्जून सांगतात.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत मात्र आमचा अनुभव संमिश्र आहे, आणि तो सविस्तर लिहिणे गरजेचे आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज भरण्यासाठी केंद्राने चांगली मदत केली. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, आणि आपण नवी मुंबईत राहत असलो तरी तालुका ठाणे आहे, इथपासून त्यांनी सांगितले. अर्ज भाचीने स्वतः भरावा आणि स्वयंसेवकाने शेजारी फक्त बसावे, असा तिथला दंडक आहे. तो सुरुवातीला मला कठोर वाटला, नंतर पटला. अर्ज मंजूर झाला, पण पैसे तिने अर्जासाठी काढलेल्या खात्यात आलेच नाहीत. दोन महिने आम्ही वाट पाहिली. स्वयंसेवकाने तिला पासबुकाची प्रत नीट तपासून दिली होती, मात्र ही रक्कम अर्जात दिलेल्या खाते क्रमांकावर नव्हे, तर त्या वेळी आधार ज्या बँकेशी जोडलेले असेल त्या खात्यात जाते, ही गोष्ट त्याच्याही लक्षात नव्हती. भाचीचे आधार शाळेत असताना उघडलेल्या, कधीच न वापरलेल्या खात्याशी जोडलेले होते, आणि रक्कम तेथे पडून होती. पैसे बुडाले नाहीत, पण दुसऱ्या सत्राचे शुल्क भरण्यासाठी दाजींना उसनवारी करावी लागली. केंद्राने चूक टाळाटाळ न करता मान्य केली, आणि आता अर्ज भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक-जोडणीची स्थिती पाहण्याचा टप्पा त्यांनी आपल्या तक्त्यात सर्वांत वर घातला आहे. तरीही माझे मत असे आहे की पैशाच्या बाबतीत एखाद्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याची नेमणूक करून घेणे त्यांना अवघड नाही, आणि ती त्यांनी करायला हवी.

इंग्रजीसाठी वेगळा वर्ग नाही, आणि मला ते योग्यच वाटते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना त्यांच्याच पाठ्यपुस्तकाचे पहिले प्रकरण मोठ्याने वाचायला लावतात, आणि घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, ऋणको म्हणजे डेटर्स, धनको म्हणजे क्रेडिटर्स अशी यादी त्यांनीच तयार करायची असते. भाचीच्या यादीची वही पुढे तिच्या वर्गातल्या चार मुलींनी झेरॉक्स करून घेतली.

पालकांच्या पहिल्या सभेबद्दल मात्र मी नाराज आहे. सभा रविवारी सकाळी ठेवली होती, एवढे चांगले. पण पडद्यावर इंग्रजी मजकूर, रंगीत आकृत्या, आणि बोलणारा तरुण स्वयंसेवक उत्साहाने दर दुसरे वाक्य इंग्रजीत बोलणारा. समोर बसलेल्या तीसेक आई-वडिलांपैकी एकानेही प्रश्न विचारला नाही, आणि सभा छान झाली असे आयोजकांना वाटले. परतताना दाजी म्हणाले, ‘माणसं चांगली आहेत. पण आमच्याशी नाही बोलली, आमच्यापुढं बोलली.’ मी हे जसेच्या तसे संयोजिका बाईंना कळवले. मार्चमधल्या दुसऱ्या सभेत पडदा नव्हता. त्यांनी विचारण्याच्या वहीतले दहा प्रश्न वाचून दाखवले आणि ‘तुमच्या मुलांनी हे घरी का विचारलं नसेल?’ असे विचारले. त्या दिवशी ताई पहिल्यांदा बोलली. परीक्षेच्या तारखा घरातल्या दिनदर्शिकेवर आईने स्वतःच्या हाताने लिहाव्यात, असे त्या सभेत ठरले. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण आमच्याकडे एप्रिलमध्ये गावच्या जत्रेसाठी सगळे घर गावी जाते, आणि यंदा जत्रा नेमकी दोन पेपरांच्या मधे आली होती. तारीख ताईनेच लिहिलेली असल्यामुळे तिला ती टाळता आली नाही. भाची तीन रात्री माझ्याकडे ठाण्याला कोपरीत राहिली आणि ट्रान्स हार्बरच्या गाडीने वाशीला पेपर द्यायला गेली. जत्रेला न जाणारी घरातली ती पहिलीच, आणि तिच्या आजीला ते अजून पचलेले नाही.

जागेबद्दल थोडक्यात सांगते. अभ्यासिकेचे महिन्याला चारशे रुपये घेतात, शनिवारची मदत मात्र विनामूल्य आहे. वेळ सकाळी सहा ते रात्री दहा अशी आहे, पण संध्याकाळी सहा ते आठ या वेळात खालची गिरणी इतकी घरघरते की वाचणे अशक्य होते. स्वच्छतागृह तळमजल्यावर एकच आहे आणि रात्री नऊनंतर दुकानाबरोबर तेही कुलूपबंद होते. मुलींच्या पालकांना रात्री दहापर्यंतची वेळ सांगताना ही गोष्ट सांगितली जात नाही, ती सांगायला हवी. भिंतीवर राज्यसेवा परीक्षेतील यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे आहेत, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनाही महिन्यातून एकदा स्पर्धा परीक्षेच्या व्याख्यानाला बसवले जाते. ज्या मुलीला अजून ग्रंथालयातून पुस्तक कसे घ्यायचे हे कळायचे आहे, तिला अधिकारी होण्याची घाई कशाला लावायची, हे मला समजलेले नाही.

केवळ पैशाची अडचण असलेल्यांनी मात्र इतर ठिकाणीही चौकशी करावी. ठाण्यातील विद्यादान सहायक मंडळासारख्या संस्था देणगीदारांच्या मदतीने गरजू विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा खर्च उचलतात आणि मार्गदर्शनासाठी कार्यकर्तेही देतात. कोपरखैरण्याच्या या केंद्राकडे द्यायला पैसे नाहीत, आणि ते तसे आधीच सांगतात.

भाचीचे दोन्ही सत्रांचे निकाल लागले. पहिल्या सत्रात एका विषयात केटी लागली होती, ती सुटली. जूनमध्ये दुसऱ्या वर्षाची नोंदणी करायला मी तिला आठवण केली, तेव्हा ती म्हणाली, ‘मावशी, अभ्यासिका नको. कॉलेजच्या रीडिंग रूमचं कार्ड काढलंय, तिथं गिरणी नाही. शनिवारी मात्र जाईन, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण आहे.’ संयोजिका बाईंनी तिचे नाव टेबलांच्या यादीतून काढले आणि प्रतीक्षा यादीतल्या मुलाला त्याच दिवशी फोन केला. नव्या नोंदणीसाठी जाणाऱ्यांनी शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बारावीची गुणपत्रिका आणि असल्यास उत्पन्नाचा दाखला यांच्या दोन-दोन प्रती घेऊन शनिवारी पाचच्या आधी पोहोचावे, कारण खालचे झेरॉक्सचे दुकान त्या दिवशी लवकर बंद होते.